होमरन मारणारा मुलगा पारखायचा कसा? ॲरन जजच्या निमित्ताने

तिसरा_बेस

२०१३ च्या जूनमध्ये झालेल्या मेजर लीग बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) न्यूयॉर्क यांकीजकडे सुरुवातीच्या तीन निवडी होत्या: २६वी, ३२वी आणि ३३वी. २६व्या निवडीत त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाचा एरिक जगिएलो घेतला, ३२व्या निवडीत फ्रेझ्नो स्टेटचा ॲरन जज आणि ३३व्या निवडीत इयन क्लार्किन हा शाळकरी पिचर (चेंडू टाकणारा). जगिएलो आणि जज हे दोघेही ताकदीसाठी नावाजलेले फलंदाज होते. पहिल्याला मेजर लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. दुसऱ्याने २०२२ मध्ये ६२ होमरन (चेंडू थेट कुंपणापार जाणारे फटके) मारून रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगचा विक्रम मोडला (अमेरिकन आणि नॅशनल हे मेजर लीगचे दोन भाग). म्हणजे इतर संघांनी जजला ओळखले नाही असे म्हणून भागत नाही, कारण ज्यांनी त्याला घेतले त्यांनीसुद्धा त्याच्या आधी दुसऱ्यालाच पसंती दिली होती.

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांतली मुले आता हायस्कूलच्या संघांत बेसबॉल खेळतात, आणि 'आमचा मुलगा चेंडू कुंपणापार टोलवतो, त्याचे पुढे काय होईल' हा प्रश्न इथे वारंवार विचारला जातो. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे लोक, हा प्रश्न कसा सोडवतात आणि कुठे फसतात, याची चर्चा एका ठिकाणी व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

स्काउट खेळाडूला २० ते ८० अशा मापावर गुण देतो. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि दर १० गुण म्हणजे सांख्यिकीच्या भाषेत एक प्रमाण विचलन. फलंदाजी, ताकद, धावण्याचा वेग, फेक आणि क्षेत्ररक्षण या पाचही गोष्टींना दोन दोन आकडे मिळतात, एक आजचा आणि एक भविष्यातला. ताकदीच्या बाबतीत आणखी एक फोड होते: निव्वळ ताकद वेगळी आणि सामन्यात उतरणारी ताकद वेगळी. १८ वर्षांच्या मुलाची निव्वळ ताकद ७० आणि सामन्यातली ताकद ३० असू शकते. या दोन आकड्यांमधले अंतर पुढच्या पाच-सहा वर्षांत किती भरून निघेल, यावर संघ लाखो डॉलर लावतात. जजला १८ लाख डॉलरचा बोनस मिळाला होता.

निव्वळ ताकद दिसायला सगळ्यांत सोपी असते. सामन्याआधीच्या बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये प्रशिक्षक जाळीमागे उभा राहून कमी अंतरावरून, बेताच्या वेगाने, फलंदाजाला हव्या तिथे चेंडू टाकत असतो. अशा वेळी दणकट मुलगा मैदानाबाहेरच्या झाडांत चेंडू पोचवतो, आणि मग स्काउट मंडळी डोळे मिटूनही बॅटच्या आवाजावरून मुलगा ओळखल्याचे किस्से सांगतात. बाजारात कलिंगड थापटून घेणारे जाणकार जितक्या वेळा बरोबर ठरतात, तितक्याच वेळा हे लोकही बरोबर ठरत असावेत असे माझे मत आहे. सामन्यात ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल पिचरच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंत, यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, त्यातला मोठा भाग चेंडू ओळखण्यात जातो, आणि त्याच हालचालीतून सुटलेला स्लायडर शेवटच्या काही फुटांत बाजूला आणि खाली सरकतो. बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये यातले काहीच नसते.

जजच्या बाबतीत गोंधळ उलट्या बाजूने होता. सहा फूट सात इंच उंचीचा हा मुलगा २०१२ मध्ये ओमाहा येथे झालेली महाविद्यालयीन होमरन स्पर्धा जिंकला, पण त्याच वर्षीच्या कॉलेज हंगामात त्याचे होमरन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. एवढा उंच माणूस म्हणजे लांब हात, लांब हात म्हणजे लांब स्विंग, आणि स्ट्राइक झोनही (ज्या पट्ट्यातला चेंडू सोडला तरी फलंदाजाविरुद्ध मोजला जातो) गुडघ्यापासून वरपर्यंत चांगला ऐसपैस. अशा बांध्याचे यशस्वी फलंदाज इतिहासात फारच थोडे होते. १९६० चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला आणि ३८२ होमरन मारलेला फ्रँक हॉवर्ड हे त्यातले ठळक नाव. त्यामुळे जजविषयीची शंका अनाठायी नव्हती.

तरीही त्याच्या खेळात दोन गोष्टी अशा होत्या ज्या नुसत्या दणकट मुलांत सहसा आढळत नाहीत. एवढ्या देहाचा असूनही तो कॉलेजात सेंटर फील्डला, म्हणजे सर्वांत जास्त धावावे लागणाऱ्या मधल्या आउटफील्डला, खेळत होता, म्हणजे त्याचे पाय आणि शरीरावरचा ताबा उत्तम होता. दुसरे म्हणजे तो चेंडू सोडत होता. दुखापतीमुळे २०१३ चा उरलेला हंगाम वाया गेल्यावर २०१४ मध्ये तो व्यावसायिक संघात उतरला, तेव्हा मायनर लीगच्या (मेजर लीगखालच्या व्यावसायिक पायऱ्यांच्या) त्या पहिल्या वर्षात त्याचे होमरन फक्त १७ होते, परंतु वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) ८९ होते. होमरनच्या आकड्याकडे पाहणाऱ्याला त्या वर्षी काहीच दिसले नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ताकदीच्या फलंदाजाकडे पाहताना त्याने मारलेल्या चेंडूंपेक्षा न मारलेल्या आणि हुकलेल्या चेंडूंची नोंद आधी करावी. ताकद शरीराबरोबर वाढते, स्विंग काही अंशी शिकवता येतो, पण कोणत्या पिचवर, म्हणजे टाकलेल्या कोणत्या चेंडूवर, बॅट फिरवायची याचा निर्णय विशी उलटल्यावर फारसा सुधारताना दिसत नाही.

नेटमधला_षटकार

लेख आवडला. मी क्रिकेटच्या बाजूने या खेळाकडे पाहतो, त्यामुळे एक बाळबोध शंका विचारतो. बाद तो शेवटी बादच असतो. झेल देऊन झाला काय किंवा चेंडू हुकून झाला काय, संघाची एक विकेट जातेच. मग हुकलेले चेंडू मोजून स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याला) एवढे महत्त्व का द्यावे? जज स्वतः तर ढिगाने स्ट्राइकआउट होतो.

तिसरा_बेस

मेजर लीगमध्ये स्थिरावलेल्या फलंदाजाबद्दल तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. जजने २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या पूर्ण हंगामात, ५२ होमरन मारले, १२७ वॉक मिळवले आणि २०८ वेळा तो स्ट्राइकआउट झाला. तरी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु हायस्कूल किंवा कॉलेजच्या मुलाकडे पाहताना स्ट्राइकआउट हे नुकसान म्हणून नव्हे, तर लक्षण म्हणून मोजायचे असतात. ताशी ८२ मैलांच्या पिचिंगसमोर जो मुलगा झोनमधल्या फास्टबॉलवर हुकतो, त्याच्यापुढे ९७ मैलांचा पिचर उभा केल्यावर काय होईल हे सांगायला जाणकार लागत नाही.

हुकण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या असतात. झोनमधल्या, छातीच्या उंचीच्या फास्टबॉलखालून बॅट जाणे म्हणजे स्विंगची वाट चुकते आहे; ती दुरुस्त करता येऊ शकते. जमिनीकडे जाणाऱ्या स्लायडरच्या मागे बॅट फेकणे म्हणजे चेंडू ओळखलाच गेला नाही, आणि हा दोष फार चिवट असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये जज मेजर लीगमध्ये आला, पहिल्याच वेळी त्याने होमरन मारला, पण हंगाम संपेपर्यंत एकूण ८४ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून फलंदाजीच्या खेपांमध्ये) ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला. त्याची सरासरी, म्हणजे दर ॲट-बॅटमागे यशस्वी फटके, .१७९ होती. त्या आठवड्यांत अनेकांनी त्याला मोडीत काढले, पण मायनर लीगमधला वॉकचा इतिहास पाहणाऱ्याला थांबायला कारण होते.

ट्रॅकमन_काका

धागाकर्त्याशी माझा अर्धा मतभेद आहे. डोळ्यांनी पाहून स्विंगचे वर्णन लिहिण्याचे दिवस संपत आले आहेत. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही चेंडू आणि खेळाडूंची हालचाल मोजणारी यंत्रणा आहे, आणि महाविद्यालयांपासून हायस्कूल मुलांच्या प्रदर्शन-शिबिरांपर्यंत रडारयंत्रे पोचली आहेत. बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटला, कोणत्या कोनात सुटला, बॅट किती वेगाने फिरली, हे सगळे मोजले जाते. ९५ मैलांच्या वर सुटलेला चेंडू जोरकस धरतात. किमान ९८ मैल वेग आणि २६ ते ३० अंशांचा कोन जुळला की त्याला बॅरल म्हणतात, आणि वेग वाढत गेला तशी कोनाची सूट वाढत जाते. मुलाचा सर्वाधिक वेग त्याच्या ताकदीची कमाल मर्यादा दाखवतो. त्यासाठी हंगामभर थांबावे लागत नाही, एक-दोन फटकेही पुरतात.

होमरनची संख्या दुय्यम मानण्याबाबतही सावध राहावे. २०१३ च्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला घेतले. त्या वर्षी सॅन डिएगो विद्यापीठाकडून त्याने ३१ होमरन मारले होते, जे देशातल्या बहुतेक आख्ख्या संघांपेक्षा जास्त होते. २०११ पासून महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये बीबीकोर प्रमाणाच्या बॅट सक्तीच्या झाल्या. धातूच्या जुन्या बॅटमधली उसळी त्यांनी काढून घेतली आणि देशभरातले होमरन एकदम घटले. जजचे कमी होमरन समजावून सांगताना लोक हेच कारण देतात, पण ब्रायंटच्या हातातही तीच मंद बॅट होती. तो २०१५ मध्ये सर्वोत्तम नवोदित झाला आणि २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आकडा खोटे बोलत नव्हता.

तिसरा_बेस

ब्रायंटचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असेही म्हणेन. पहिल्या वर्षी तो १९९ वेळा स्ट्राइकआउट झाला, दुसऱ्या वर्षी १५४ आणि तिसऱ्या वर्षी १२८ वेळा. सुधारणा ज्या जागी व्हायला हवी होती त्या जागीच झाली.

आता आकड्याने दगा दिल्याचे उदाहरण घ्या. एंजल्स संघाने २००३ मध्ये २३व्या क्रमांकावर ब्रँडन वूड नावाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घेतला. २००५ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्निया लीग या मायनर लीगमध्ये ४० हून अधिक होमरन मारले आणि देशातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूंत त्याची गणना होऊ लागली. ही लीग फलंदाजांचे नंदनवन म्हणून प्रसिद्ध होती. वाळवंटातली उंचावरची मैदाने, कोरडी हवा आणि लँकेस्टरसारख्या ठिकाणी बाहेरच्या दिशेने वाहणारा वारा. मेजर लीगमध्ये वूड २७२ सामने खेळला, त्याची सरासरी .१८६ राहिली आणि होमरन एकूण १८ झाले. ताकद कुठेही गेली नव्हती. वरच्या दर्जाचे पिचर त्याला झोनच्या कडेला आणि बाहेर खेळवू लागले, आणि तो खेळत राहिला. त्याच्यासाठी मला वाईट वाटते, कारण एंजल्सनी त्याला सलग संधीही उशिरा दिली.

वूड आणि जज यांच्या मधला नमुना म्हणजे जोई गॅलो. लास व्हेगासच्या हायस्कूलमधून २०१२ मध्ये रेंजर्सने त्याला ३९व्या क्रमांकावर घेतले, आणि त्याच्या निव्वळ ताकदीला पूर्ण ८० गुण देण्याबाबत स्काउटांत फारसे दुमत नव्हते. २०१३ मध्ये मायनर लीगच्या खालच्या पायरीवर त्याने ४० होमरन मारले. २०१७ मध्ये मेजर लीगमध्ये त्याचे होमरन ४१ आणि एकेरी फटके (फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे) ३२ होते. असा विचित्र हिशेब मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. गॅलो वाईट चेंडू सोडत असे, वॉकही भरपूर घेत असे. त्याची अडचण झोनमधल्या चेंडूवर हुकण्याची होती. कारकिर्दीत त्याने २०८ होमरन मारले आणि सरासरी .१९४ वर थांबली. म्हणजे वर मी ज्या दोन तऱ्हा सांगितल्या, त्यांतली 'दुरुस्त होऊ शकणारी' तऱ्हासुद्धा नेहमी दुरुस्त होतेच असे नाही. स्काउटचा अंदाज मात्र इथे चुकला असे मी म्हणणार नाही, कारण ४० होमरनचा खेळाडू मिळाला की नाही, तर मिळाला.

न्यूजर्सीची_आई

इथल्या चर्चेतून बरेच समजले, म्हणून पालकाच्या बाजूचे लिहिते. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तेराव्या वर्षापर्यंत तो हलक्या बॅटने खेळत असे, तेव्हा प्रत्येक स्पर्धेत त्याचा चेंडू कुंपणापलीकडे जाई आणि आम्हीही हुरळून गेलो होतो. हायस्कूलला बीबीकोर बॅट आली. तिचे वजन औंसांत मोजले तर लांबीच्या इंचांपेक्षा तीनहून जास्त कमी चालत नाही, म्हणजे ३३ इंचांची बॅट किमान ३० औंसांची. त्याच मुलाचे चेंडू आता दुसऱ्या बेसच्या मागे वरचेवर झेलले जाऊ लागले.

त्याच सुमारास एका खासगी प्रशिक्षण केंद्राने आम्हाला महागडा कार्यक्रम विकला. रबरी टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवायचा, पूर्ण जोर लावून हाणायचा, आणि समोरच्या पडद्यावर उमटणारा वेग आठवड्याला वाढवत न्यायचा. वेग वाढला, छायाचित्रे छान आली, आणि मुलगा सामन्यात पूर्वीपेक्षा जास्त हुकू लागला, कारण प्रत्येक चेंडूवर तो पडद्यावरचाच आकडा शोधत होता. त्या केंद्रात तीन महिन्यांत एकदाही कोणी त्याला कर्व्हबॉल (वळत खाली येणारा चेंडू) टाकला नाही. टीवरच्या वेगाला स्काउट कितपत किंमत देतात, हे कोणी सांगेल का?

ट्रॅकमन_काका

ताई, टीवरचा आकडा म्हणजे प्रवेशपत्रिका समजा. तो फारच कमी असेल तर स्काउट पुढे पाहणार नाही. पुरेसा असेल तर त्यापुढे त्याचा उपयोग संपतो. सामन्यातल्या फटक्यांचा वेग, त्यातही फक्त सर्वाधिक नव्हे तर वरच्या दहा टक्क्यांत येणारे फटके किती वेगाचे आहेत, हे अधिक भरवशाचे. त्याशिवाय लाकडी बॅटची परीक्षा असते. महाविद्यालयीन खेळाडूंसाठी उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये भरणारी केप कॉड लीग लाकडी बॅटने खेळली जाते, आणि तिथे प्रत्येक संघाचे स्काउट हजर असतात. जजही २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे ब्रूस्टरकडून खेळला होता. तुमच्या मुलाचे वय पाहता आत्ताच लाकडी बॅटने सराव करायला हरकत नाही. चेंडू बॅटच्या नेमक्या जागी बसला नाही तर ती हातांना लगेच कळवते.

जळगावचा_शॉर्टस्टॉप

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो, त्यामुळे हा धागा वाचताना एक जुनी गोष्ट नव्याने समजली. २००८ मध्ये भारतातल्या एका स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. रिंकूने त्या स्पर्धेत ताशी ८७ मैल वेगाने चेंडू फेकला होता. दोघेही पिचर म्हणून घेतले गेले. एवढा क्रिकेट खेळणारा देश असूनही फलंदाज शोधायला कोणी का आले नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटायचे. फेकीचा वेग रडारगनने एका दुपारी मोजता येतो. फलंदाज मोजायचा तर त्याच्यासमोर चांगला पिचर हवा, आणि तो आपल्याकडे कुठून आणायचा?

तिसरा_बेस

अगदी नेमका मुद्दा. डोमिनिकन प्रजासत्ताकात सोळाव्या वर्षी मुले करारबद्ध होतात, तिथेही संघांना हीच अडचण जाणवते. फरक इतकाच की तिथे त्या मुलासमोर उभे करायला जोरदार चेंडू टाकणारी दुसरी मुले गल्लोगल्ली आहेत.

उजव्या_हाताचा_फर्स्टबेस

एक बाजू चर्चेत आली नाही म्हणून भर घालतो. ताकदीच्या मुलाची किंमत तो कोणत्या जागी उभा राहतो यावर ठरते. जो फक्त फर्स्ट बेसला उभा राहू शकतो, आणि त्यातही उजव्या हाताने फेकतो व उजव्यानेच मारतो, त्याला संघ हात आखडूनच निवडतात; कारण फटके थांबले की त्याच्याकडे देण्यासारखे दुसरे काहीच उरत नाही. पीट अलॉन्सो २०१६ मध्ये ६४व्या क्रमांकावर गेला आणि २०१९ मध्ये त्याने ५३ होमरन मारून जजचा नवोदितांचा विक्रम मोडला. पॉल गोल्डश्मिट २००९ मध्ये आठव्या फेरीत गेला, आणि २०२२ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ७०३ होमरनचा मालक अल्बर्ट पूहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीपर्यंत शिल्लक होता. तेव्हा तो मुख्यतः थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप खेळत असे, पण जाडसर अंगाचा हा मुलगा त्या जागी टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होते. बांध्याकडे पाहून फलंदाजीवर काट मारायची ही खोड जुनी आहे, आणि जजच्या बाबतीत ती उंचीच्या रूपाने आली एवढेच.

न्यूजर्सीची_आई

माझा मुलगा डावीकडच्या आउटफील्डला खेळतो. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवायचा आहे. त्यात काय घ्यावे?

तिसरा_बेस

होमरनची जोडफीत पाठवू नका. ती प्रत्येकाकडे असते आणि प्रशिक्षक ती दहा सेकंदांत बंद करतात. एकाच सामन्यातल्या त्याच्या सगळ्या पाळ्या न कापता द्या, सोडलेल्या पिचसकट. सामना निवडताना समोरचा पिचर तुमच्या भागातला सगळ्यांत वेगवान असेल तो निवडा, मग त्यात मुलगा दोनदा स्ट्राइकआउट झालेला असला तरी चालेल. एक कॅमेरा प्लेटमागच्या जाळीपाशी ठेवा, म्हणजे पिच झोनमध्ये होता की बाहेर हे कळते. दुसरा त्याच्या छातीच्या बाजूने, म्हणजे उजव्या हाताचा फलंदाज असेल तर फर्स्ट बेसच्या रेषेजवळून. सामन्याच्या चौथ्या-पाचव्या डावात तोच पिचर पुन्हा समोर आल्यावर मुलाने पहिल्या वेळी हुकलेला चेंडू ओळखून सोडला असेल, तर ते दृश्य सुरुवातीला लावा आणि खाली पिचचा वेग लिहा.